स्पीकर विकायच्या आधी सरकवून बघा: केळशीच्या माजघरातले प्रयोग

आजचा भाग इअरफोन काढून ऐकलात तरी चालेल. उलट काढाच. कारण आज आपण घरातल्या स्पीकरबद्दल बोलणार आहोत. कुठला घ्यावा हा विषय नाही, जो घरात आहे तो कुठे ठेवावा हा विषय आहे.

तुमचे मेसेज साधारण एकाच छापाचे येतात. "बजेट पंधरा हजार, कुठला घेऊ?" "बास घुमतो, सबवूफर बदलू का?" "आवाज मोठा आहे, पण शब्द कळत नाहीत." यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: फोटो पाठवा. स्पीकरचा नको, खोलीचा पाठवा. आणि फोटो आला की बघतो तर एक स्पीकर टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंबलेला, दुसरा कपाटावर छताला टेकलेला, आणि ऐकणारा सोफ्यावर, डोकं मागच्या भिंतीला लावून. अशा खोलीत लाखाचा स्पीकर आणून ठेवला तरी तोसुद्धा घुमणारच.

सिस्टीम तीच, खोली बदलली

हे सगळं मला एका घरात फार स्पष्ट दिसलं, म्हणून तेच उदाहरण घेतो. दापोली तालुक्यात केळशीला माझ्या मावशीचं घर आहे. जुनं कोकणी घर. जांभ्याच्या जाड भिंती, पुढे ओटी, मग माजघर, वर लाकडी तक्तपोशीचा माळा, त्याच्यावर कौलं. माजघरात एक जुना अॅम्प आणि दोन लाकडी पेटीचे स्पीकर. मावशीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या आजी, रोज दुपारी त्यावर नाट्यपदं आणि कीर्तनं ऐकायच्या. वर्षानुवर्षं छान चाललं होतं.

मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर काय झालं ते तुम्ही पाहिलंय: कौलं उडाली, माड आणि पोफळी आडव्या झाल्या. मावशीच्या घराचा वरचा भाग गेला. घर पुन्हा उभं करताना माजघरावर स्लॅब टाकला, भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, सारवलेल्या जमिनीवर टाइल्स बसवल्या. वादळ अनुभवलेल्या माणसांनी मजबूत छप्पर मागितलं तर त्यात चूक काय? पण तेव्हापासून सिस्टीम "बिघडली". तीच सिस्टीम, त्याच वायरी. आजी म्हणायला लागल्या, "सगळं ढमढम ऐकू येतं, बोलतात काय ते कळत नाही." हळूहळू त्यांनी लावायला सांगणंच सोडलं.

घरात दोन मतं. मावसभावाचं म्हणणं, "दादा, हे भंगारात काढू, नवीन सबवूफरवाला सेट घेऊ." मावशीचं म्हणणं, "अरे, सिस्टीम बरी आहे, त्यांचेच कान गेलेत आता." म्हणजे एक मत पैसे खर्च करणारं आणि दुसरं आजींना गप्प बसवणारं. खोलीकडे कुणी बघतच नव्हतं.

खोलीत नेमकं काय बदललं? जुन्या माजघरात फळ्यांच्या फटींतून आणि कौलांतून जाड आवाज, म्हणजे बास, बाहेर निघून जायचा. सारवलेली जमीन, मातीचा गिलावा, अंथरुणांच्या वळकट्या या सगळ्यांत बारीक आवाज मुरायचा. आता सहाही बाजू कडक आणि गुळगुळीत. आवाज आत गेला की बाहेर पडायला वाटच नाही.

हे तुम्ही आत्ता तपासू शकता. खोलीच्या मध्ये उभे राहा आणि एकच टाळी जोरात वाजवा. टाळीमागून "टर्रर्र" अशी बारीक शेपटी ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाजाचा चेंडू एकमेकींकडे टोलवतायत. विजापूरच्या गोल घुमटात हीच गंमत बघायला आपण तिकीट काढून जातो. माजघरात ती नको असते.

पहिलं काम: कोपरा सोडा

माजघर साधारण चौदा फूट लांब, दहा फूट रुंद. दोन्ही स्पीकर लांबीच्या एका टोकाला, कोपऱ्यांत. त्यातला एक तर भिंतीतल्या कोनाड्यात, कारण तिथे तो "बसतो".

जाड आवाज स्पीकरच्या फक्त समोर जात नाही, तो पेटीला वळसा घालून चहूकडे पसरतो. मागे भिंत असेल तर तिथून परत पुढे येतो आणि बास वाढतो. कोपऱ्यात भिंती दोन, वर जमीन किंवा छत तिसरं, म्हणजे वाढ आणखी जास्त. त्यात प्रत्येक खोलीचे स्वतःचे काही ठरलेले सूर असतात. दोन भिंतींमधल्या अंतरात अर्धी लाट नीट बसली की तो सूर फुगतो. चौदा फुटांसाठी हा सूर येतो साधारण ४० हर्ट्झ, दहा फुटांसाठी ५७ च्या आसपास. कोपऱ्यातला स्पीकर हे सगळे सूर एकदम जागे करतो. त्यामुळे डग्ग्याची एक थाप पडली की तिच्या मागे "हूंऽऽ" रेंगाळतं आणि पुढचा शब्द त्याच्याखाली दबतो.

कोनाड्याचं तर विचारू नका. तोंडाभोवती दोन्ही हातांची ओंजळ करून बोला, आवाज कसा पोकळ होतो बघा. कोनाड्यातल्या स्पीकरचं तेच होतं. ठेवायचाच असेल तर निदान त्याचं तोंड भिंतीच्या पातळीपर्यंत पुढे ओढा. शोकेसच्या कप्प्यालाही हाच नियम.

आम्ही दोन्ही स्पीकर बाहेर काढले. बाजूच्या भिंतींपासून प्रत्येकी सव्वादोन फूट. दोन्हीकडे सारखं अंतर, कारण एक भिंतीला चिकटलेला आणि दुसरा मोकळा असला की दोघांचा आवाज जुळत नाही.

दुसरं काम: मागच्या भिंतीचा हिशोब

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण यात गणित आणि गाणं एकत्र येतं.

अनेक पुरुष गायक काळी एक या पट्टीत गातात. त्यांचा मधला षड्ज येतो साधारण १३९ हर्ट्झला. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे या सुराची एक लाट सुमारे आठ फूट लांब. आता स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून बरोबर दोन फुटांवर आहे असं समजा. मागे गेलेला आवाज दोन फूट जाणार, दोन फूट परत येणार. झाले चार फूट, म्हणजे अर्धी लाट. ही परत आलेली लाट थेट जाणाऱ्या लाटेच्या बरोबर उलटी पडते आणि दोघी एकमेकींना खातात. गायकाचा "सा"च नेमका पातळ होतो! गायक तोच, रेकॉर्डिंग तेच, पण छातीतून आलेला आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो.

भिंत सगळाच आवाज परत पाठवत नाही, त्यामुळे सूर पूर्ण गायब होत नाही. पण फरक कानाला कळतो. हे टाळायचे दोन रस्ते आहेत. एक तर स्पीकर भिंतीच्या अगदी जवळ, चार-सहा बोटांवर न्यायचा आणि अॅम्पवरचा बास कमी करायचा. मग ही खाच खूप वरच्या सुरांत सरकते, जिथे स्पीकर मागे फारसा आवाज टाकत नाही. नाहीतर सरळ तीन फूट किंवा जास्त पुढे आणायचा, म्हणजे खाच ९४ हर्ट्झच्या आसपास, गायकाच्या षड्जाच्या बरीच खाली उतरते. पेटीला मागच्या बाजूने भोक असेल तर पहिला रस्ता टाळा, त्या भोकाला मोकळी हवा लागते.

आणखी एक बारीक गोष्ट. वूफरचं जमिनीपासूनचं, बाजूच्या भिंतीपासूनचं आणि मागच्या भिंतीपासूनचं अंतर, ही तिन्ही एकसारखी ठेवू नका. तिन्ही दोन-दोन फूट असतील तर तिन्ही खाचा एकाच सुरावर येतात.

करून बघायचंय? फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अॅप घ्या, १३९ हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा, आणि एकाला स्पीकर वीतभर वीतभर पुढेमागे सरकवायला सांगा. तुम्ही जागेवर बसून ऐका. सूर कुठे फुलतो, कुठे कोमेजतो, ते कळायला संगीत शिकलेलं असावं लागत नाही. फोनच्या माइकवर मोजत बसू नका. तो बोलणं टिपायला बनवलाय, खालच्या सुरांचं त्याचं माप भरवशाचं नसतं. कान वापरा.

माजघरात स्पीकरचं तोंड भिंतीपासून तीन फुटांवर आलं. मावशी म्हणाली, "अरे, खोलीच्या मध्ये आणून ठेवलेस की! वावरायचं कुठून?" बरोबर आहे तिचं. म्हणून जमिनीवर खडूने खुणा केल्या. ऐकायच्या वेळी खुणेवर, एरवी मागे भिंतीला. राहत्या घरात असंच करावं लागतं.

तिसरं काम: दोरी आणि त्रिकोण

स्टिरिओ म्हणजे दोन स्पीकर मिळून मध्ये एक तिसरा, न दिसणारा गायक उभा करतात. १९३१ साली अॅलन ब्लमलिन या इंग्रज इंजिनिअरने याचं पेटंट दाखल केलं. पण हा न दिसणारा गायक फार नाजूक असतो. तुम्ही एका स्पीकरच्या फक्त एक फूट जवळ सरकलात, तरी त्याचा आवाज साधारण ०.९ मिलिसेकंद आधी पोचतो. कानाला तेवढं पुरतं. जो आधी आला, गाणं तिथूनच आलं असं मेंदू ठरवून टाकतो आणि गायक पळत त्या स्पीकरात जाऊन बसतो.

म्हणून टेप नाही तर दोरी घ्या. आम्ही सुंभाची दोरी घेतली. एका स्पीकरपासून ऐकणाऱ्याच्या नाकापर्यंत जेवढी लांबी, तेवढीच दुसऱ्यापासून. दोन स्पीकरमधलं अंतरही साधारण तेवढंच. झाला समभुज त्रिकोण. माजघरात प्रत्येक बाजू साडेपाच फुटांची बसली. बसायची जागा मागच्या भिंतीला चिकटून नको, तिथे बास फुगतो. लांबीच्या बरोबर मध्येही नको, तिथे तो ४० हर्ट्झचा सूर नाहीसाच होतो. मधून थोडं मागे सरकून बसलात की बरं.

आता तपासणी. त्यासाठी जुनं मोनो रेकॉर्डिंग सगळ्यात चांगलं, कारण दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो. मी केसरबाई केरकरांची भैरवी लावतो. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई. त्यांचं ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर चढलं आणि ते आज ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलंय. डोळे मिटून ऐका. आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, एका ठिकाणी उभा राहिला पाहिजे. एकीकडे झुकला तर दोरी परत लावा. आणि आवाज कुठेच उभा राहत नसेल, डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटत असेल, वर बासही गायब असेल, तर अॅम्प बंद करून मागच्या वायरी बघा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागलीय.

त्यानंतर शास्त्रीय गायनाचं एखादं स्टिरिओ रेकॉर्डिंग लावा, ज्यात दोन तानपुरे आहेत. बऱ्याचदा एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवलेला असतो. त्रिकोण जमला की दोन वेगळे तानपुरे ऐकू येतात आणि मध्ये गायकाला बसायला जागा उरते.

चौथं काम: उंची

स्पीकरमधला लहान गोल, ट्विटर, बारीक आवाज टॉर्चसारखा सरळ फेकतो. तो कानाच्या उंचीला हवा. खुर्चीवर बसलात तर कान साधारण साडेतीन फुटांवर, पण केळशीला ऐकणारे सतरंजीवर बसतात, तिथे कान अडीच फुटांवर. कपाटावरचा स्पीकर त्यांच्या डोक्यावरून बोलत असतो.

स्टँड विकत घ्यायची गरज नव्हती. परसात जांभ्याचे चिरे पडले होते. तीन-तीन चिरे आडवे एकावर एक रचले, वर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे टाकले आणि त्यावर स्पीकर ठेवला. चिरा जड असतो, हलत नाही, थरथरत नाही. घरात लहान मूल असेल तर मात्र असली उतरंड करू नका, पक्कं स्टूल घ्या.

पाचवं काम: आरसा आणि गोधडी

तुम्ही जागेवर बसा. दुसऱ्याला हातात आरसा घेऊन बाजूच्या भिंतीवरून सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसला, तिथूनच त्याचा आवाज उसळून तुमच्याकडे येतो. तिथे काहीतरी मऊ किंवा खडबडीत हवं: पुस्तकांनी भरलेली मांडणी, जाड पडदा, दोरीवर टाकलेली गोधडी. समोर टाइल्सवर सतरंजी.

हा काही माझा शोध नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या सभागृहात व्याख्यान कुणाला कळेना, कारण बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून ठेवायच्या, मोजायचं, आणि सकाळच्या आत परत न्यायच्या, असं करत खोलीतल्या घुमण्याचं गणित मांडलं. सभागृहांचं ध्वनिशास्त्र तिथून उभं राहिलं. आपल्याकडे गाद्या-गोधड्या आहेतच, फक्त त्या कपाटात बंद असतात.

एक मर्यादा सांगून ठेवतो. गोधडी बारीक आवाज खाते, बासला तिचं काही वाटत नाही. घुमणारा बास जागा बदलूनच आवरायचा. म्हणून गोधडी पाचव्या नंबरला आणि कोपरा सोडणं पहिल्या.

मग आजींचं काय झालं?

मी फोनवर माझ्याच आवाजात शब्द रेकॉर्ड केले होते: पान, कान, तान, भान, छान, मान. फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. व्यंजन म्हणजे क्षणभराचा, बारीक आवाज, तोच घुमण्याखाली सगळ्यात आधी दबतो. सुरुवातीला जुन्या जागेवरून ऐकवले तेव्हा आजींचे निम्म्याहून जास्त शब्द चुकत होते. आणि गंमत म्हणजे मावसभावाचेही काही चुकले, पंचविशीतला मुलगा! सगळं सरकवून झाल्यावर तेवढ्याच आवाजाला, तेच शब्द वेगळ्या क्रमाने ऐकवले. आजींचे एक-दोनच चुकले. मग त्यांनी विचारलं, "आता माझं कीर्तन लावतोस का?"

यावरून आजींच्या कानांना काहीच झालेलं नाही असं मी म्हणत नाही. वय आहे, तपासणी करून घ्याच असं मी मावशीला सांगितलं. पण कान थोडे कमी झाले असतील, तर खोलीने आणखी छळू नये. तरुण कान गोंधळातून शब्द उचलतात, म्हाताऱ्या कानांना ते जड जातं. घरातलं म्हातारं माणूस "कळत नाही" म्हणालं, तर आवाज वाढवायच्या आधी स्पीकर कोपऱ्यातून काढून बघा. आवाज वाढवला की घुमणंही वाढतं.

आणि हो, आजी झोपाळ्यावर बसूनच ऐकतात. झोपाळा हलतो, त्रिकोण मोडतो, न दिसणारा गायक इकडेतिकडे फिरतो. त्यांना त्याचं काही नाही. चारपाच जण मिळून ऐकणार असाल तर दोन्ही स्पीकर थोडे जास्त आत वळवा, इतके की त्यांच्या रेषा तुमच्या पुढ्यातच एकमेकींना छेदतील. मग डावीकडे बसलेल्याला लांबचा उजवा स्पीकर सरळ तोंडावर येतो आणि जवळचा डावा तिरका पडतो. तोल अगदी अचूक नाही, पण बराच सांभाळला जातो. इअरफोनमध्ये गाणं एकट्याचं असतं. स्पीकरवर ते घराचं होतं, म्हणून एवढा खटाटोप.

ज्यांच्याकडे एकच ब्लूटूथ डबा आहे

त्यातले दोन स्पीकर वीतभर अंतरावर असतात, त्यामुळे त्रिकोण विसरा. पण बाकीचं लागू आहे. कोपऱ्यातून काढा, फळीच्या अगदी कडेला आणा, कानाच्या उंचीला ठेवा, तोंड तुमच्याकडे करा. मित्राकडे तेच मॉडेल असेल तर दोघांचे जोडून बघा. पुष्कळ डब्यांत डावा-उजवा अशी जोडी करायची सोय असते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक जास्तीचं: खाऱ्या हवेने तांब्याच्या वायरीची टोकं हिरवी पडतात आणि आवाज खरखरतो. गणपतीच्या आधी एकदा टोकं खरवडून घासून परत लावा. स्पीकरच्या कडेचा फोम हात लावताच चुरा होत असेल, तर फक्त ती कड बदलून मिळते. अख्खा स्पीकर फेकू नका.

तर आज रात्री तीनच गोष्टी करा. टाळी वाजवा, कोपरा सोडा, दोरीने मोजा. खर्च शून्य. मग एक ओळखीचं गाणं लावा आणि काय बदललं ते मला कळवा. खोलीचा फोटो आधीचा आणि नंतरचा, दोन्ही पाठवा. आणि एवढं करूनही समाधान झालं नाही, तर नवीन स्पीकरबद्दल आपण नक्की बोलू.

मावसभावाचे पैसे अजून त्याच्या खात्यात आहेत. भेटू पुढच्या भागात!